गडग्याकडेचा उंबर

सगुणाने भरलेली कळशी हद्दीवरच्या जांभ्या दगडाच्या गडग्यावर आदळली. उंबराच्या बुंध्याशी माती आधीच ओली होती आणि उदबत्ती अजून जळत होती. एरवी ती उन्हं कलल्यावर यायची. आज हातखंब्याला बाजारात जायचं म्हणून सकाळीच आली, तर हे!

"कोण गो बया, माझ्या झाडाला पाणी घालणारं?" ती फणकारली.

माझं झाड! उंबर तिने काही देवासाठी लावला नव्हता. इथे तिच्या नवऱ्याने लावलेला फणस होता. चुलत दीर रावजीने एका सकाळी करवत लावून तो आडवा केला. का, तर त्याच्या हापूसच्या कलमांवर सावली पडते म्हणून! नवऱ्याचं वर्षश्राद्धही तेव्हा व्हायचं होतं. सगुणा रडली नाही, भांडली नाही. पऱ्ह्याच्या, त्या पावसाळी ओहोळाच्या काठचं उंबराचं रोप गुपचूप आणून तिने फणसाच्या खुंटाशेजारी रोवलं. घे मेल्या, आता हा तोडून दाखव! उंबरात दत्त राहतो. त्याला कुऱ्हाड लावायची छाती अख्ख्या वाडीत कुणाची नव्हती.

दर उन्हाळ्यात तिने पाणी वाहिलं, आणि कळशीगणिक रावजीला एक शिवी हासडली. झाड त्या शिव्यांवरच पोसल्यासारखं फोफावलं. पिकल्या उंबरांवर बुलबुल तुटून पडायचे. गवत कापणाऱ्या बाया भाकरी खायला खाली बसायच्या. सगुणा मात्र तिथे कधी टेकली नाही. तिचं लक्ष गडग्यापलीकडे. उंबराच्या सावलीत आलेल्या रावजीच्या कडेच्या कलमांना यंदा मोहोरच धरला नव्हता. काय बरं वाटलं होतं तिला ते बघून!

एवढ्यात पलीकडून रावजीच आला. अनवाणी, हातात दुसरा भरलेला तांब्या.

"भावजी, तुम्ही घालता पाणी?"

"रोज सकाळी घालतो, वैनी." तो ओशाळला. "दादाचा फणस पाडला तेव्हापासून डोळ्याला डोळा नव्हता. मग इथंच हा आपसूक उगवला. म्हटलं, दत्तानं माफ केलंन मला."

"आणि कलमं? मोहोर नाय तो?"

"नसूदे. माझ्याच कर्माचं फळ."

सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं ती सूड वाढवत होती, आणि हा बाबा त्याला उदबत्ती ओवाळत होता!

"आपसूक नाय उगवला!" ती ओरडली. "मी लावला. ह्या माझ्या हातांनी!"

तुझी बाग बुडवायला लावला, हे पुढचं वाक्य अगदी जिभेवर होतं. पण रावजीने तांब्या खाली ठेवला, गडगा ओलांडला आणि वाकून तिच्या पायांना हात लावला.

"म्हणजे माफ तू केलंस होय, वैनी!"

सगुणाने तोंड उघडलं, पण एकही शिवी आठवेना. डोळे पुसत तो निघून गेला.

"सूडपण धड घेऊ देत नाय मेला," ती पुटपुटली, आणि उंबराच्या सावलीत मटकन खाली बसली.