उल्काने गिळलेलं वाक्य

केयाने लॅपटॉप डायनिंग टेबलावर श्रीरामकडे वळवला आणि बटणावर बोट ठेवून थांबली.

"काका, आर यू शुअर? मी नंतर येऊ शकते."

"लाव."

पडद्यावर त्याची बायको उल्का आली. तिला जाऊन चार महिने झाले होते. केयाच्या सिनेमात ती आई झाली होती. ही आई घर विकायला निघालेल्या मुलासमोर चाव्या ठेवते, पण त्यावरचा हात काढत नाही. मग एकेक बोट उचलते. ओठ हलतात. ऐकू येतं ते नुसतं पुटपुटणं.

"शूटिंगच्या वेळी मला वाटलं, मावशी दमल्यात. परत म्हणा असं कसं सांगणार? नंतर डब करू म्हटलं, आणि मग..." केया थांबली. "म्हणून कॉम्प्युटरवर त्यांचा आवाज बनवलाय. तुम्ही हो म्हणालात तरच वापरू."

तिने फोन टेबलावर ठेवून आवाज लावला.

"इट्स युअर हाउस नाऊ."

हुबेहूब उल्का. वाक्याआधीचा तो लहानसा श्वाससुद्धा.

"परत लाव," श्रीराम म्हणाला. तिने लावला. "अजून एकदा."

उल्काने सुरुवात केली ती न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या नाटकांतून, शाळेच्या जिममध्ये. मग न्यूयॉर्कची छोटी थिएटरं. टीव्हीवर बरीच वर्षं मोटेलवाली नाहीतर डॉक्टर, एवढ्याच भूमिका. पण दोन वाक्यांची डॉक्टरही ती अशी करायची की पेशंटपेक्षा तिचीच काळजी वाटावी. पन्नाशीनंतर ब्रॉडवेवर मोठी भूमिका मिळाली, तेव्हाही पार्सिपनीतल्या या घरातून बसनेच जायची. श्रीराम प्रत्येक नाटकाला शेवटच्या रांगेत बसे. तिथवर ऐकू येतं का, हे त्याने सांगायचं असे. तिचा एकही शब्द त्या रांगेपर्यंत पोचायचा राहिला नव्हता.

"केया, ती दमली नव्हती."

"म्हणजे?"

"हा सीन तिने इथेच बसून तयार केला. म्हणाली, हात एवढं बोलतोय, मग तोंड कशाला? मी म्हटलं, सांग ना त्या मुलीला. तर म्हणाली, पहिलाच सिनेमा आहे पोरीचा, स्वतः लिहिलाय. मी असं बोलते की ती आपणहून कापेल."

केयाने कपाळाला हात लावला. "ओ गॉड! आणि मी तीन महिने ती लाइन साफ करत बसले! कसल्या होत्या यार मावशी!"

"तशीच होती."

केयाने आवाज बंद करून सीन पुन्हा पाहिला. चाव्या, हात, एकेक बोट.

"लाइन नकोच," ती अखेर म्हणाली. "पण काका, हा त्यांचा शेवटचा सीन. मग यात त्यांचा आवाजच नसेल. चालेल तुम्हाला?"

श्रीरामने टेबलावरच्या फोनकडे पाहिलं.

"नाही चालत. तरी काप."

केयाने लॅपटॉप मिटला. श्रीरामने फोन तिच्याकडे सरकवला.

"आणि हे पुसून टाक. आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर उद्या मीच फोन करून मागेन."

तिने फोन हातात घेतला. "पुसायच्या आधी एकदा ऐकता?"

श्रीराम उठला, सिंकपाशी गेला आणि तिच्याकडे पाठ करून त्याने नळ मोठा सोडला.