भुकटीघरातले तिघे

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी बाटलीबाईंना लोक बाटलीबाईच म्हणत. कारखान्याच्या दवाखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षं कामगारांची लघवी तपासली, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. बाजारात एखादा जुना कामगार भेटला की बायकोला मोठ्या उत्साहाने सांगायचा, "ह्या आमच्या बाटलीबाई." बायकोने "म्हणजे काय?" असं विचारलं की त्याची बोबडी वळायची. बाईंना त्याची गंमत वाटे.

त्या सकाळी मुकादमांच्या सुनेचा फोन आला. "मावशी, मामंजी तुमची आठवण काढतायत. गुडघ्यांमुळे त्यांना बाहेर पडवत नाही. तुम्हाला यायला जमेल का?"

बाई दुपारीच निघाल्या. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि जुने दिवस एकेक करून डोळ्यांपुढे यायला लागले.

कारखाना मोठमोठ्या बॅटऱ्या बनवायचा. मागच्या अंगाला एक लांबट शेड होती, तिला सगळे भुकटीघर म्हणत. तिथे कॅडमियम नावाच्या धातूची तपकिरी भुकटी यंत्राखाली दाबून पट्ट्या तयार करत. आत तिघंच असत. मुकादम एकोणीस वर्षांपासून होते, त्यांच्या हाताखाली गवई नऊ वर्षांपासून आणि लंबू चार वर्षांपासून. गवई काम करता करता गायचा. सूर कधीच लागायचा नाही, पण यंत्राच्या खडखडाटात तो कोणाला कळायचाही नाही. दुपारी तिघं दवाखान्याच्या खिडकीखालच्या बाकावर डबे उघडत. मुकादमांची वास घ्यायची शक्ती गेली होती, ती भुकटीनेच गेली असं पुढे कळलं. म्हणून गवई रोज त्यांच्या नाकाशी आपला डबा धरायचा आणि म्हणायचा, "ओळखा." मुकादमही रोज गंभीरपणे काहीतरी भलतंच सांगायचे.

बाई तेव्हा तेवीस वर्षांच्या, नव्याने लागलेल्या. सुरुवातीला कामगार बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून खिडकीत ठेवायचे आणि पाठीमागे कुत्रं लागल्यासारखे पळायचे. मुकादम मात्र समोर उभे राहून बाटली हातात द्यायचे. "घ्या बाई. ताजा माल आहे."

दवाखान्याचे डॉक्टर वयस्कर होते आणि शिकवायची त्यांना भारी हौस. कागदी पट्टी बुडवून समाधान मानायचं नाही, आम्लाचे थेंब टाकून बघायचंच, हा त्यांचा दंडक. नमुना गढूळ झाला की त्या माणसाने भुकटीघर सोडायचं, हाही त्यांचाच नियम. पूर्वी एकाला असंच काढलं, तर व्यवस्थापनाने त्याची बदली थेट दुसऱ्या गावच्या शाखेत केली. तो पुन्हा दिसला नाही. तिघांनी त्याचा धसका घेतला होता.

एका महिन्यात बाईंनी तिघांच्या बाटल्यांत दाटपणा मोजणारा काचेचा तरंगता मापक सोडला, तर तिन्हींत आकडा एकच. योगायोग असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं. पुढच्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तिन्ही नमुन्यांत सुईसारखे तेच स्फटिक, तितकेच. आधी त्यांना हसू फुटलं. भुकटीत सगळ्यांत कमी वर्षं लंबूची, तेव्हा तिन्ही बाटल्या त्याच्याच असणार. मग हसू विरलं, कारण मुकादम आणि गवई यांची खरी लघवी तीन महिने कोणी पाहिलीच नव्हती.

बाई डॉक्टरांकडे गेल्या नाहीत. डबे उघडायच्या वेळी बाहेर बाकापाशी गेल्या.

"लंबू, हल्ली पाणी फार पिता वाटतं?"

"का हो बाई?"

"तीन-तीन बाटल्या भरायच्या म्हणजे प्यावंच लागणार."

गवईचा घास हातातच राहिला. लंबू आपल्या बुटांकडे बघू लागला. मुकादमांनी डब्याचं झाकण शांतपणे लावलं. "कोण बोललं तुमच्यापाशी?"

"बाटल्याच बोलल्या," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी तिघंही या. मी दाराबाहेर उभी राहीन. तिघांनी आपापल्या बाटल्या भरायच्या."

दुसऱ्या दिवशी तीन परीक्षानळ्या ओळीने उभ्या राहिल्या. लंबूच्या नळीत आम्ल पडलं, ती स्वच्छ राहिली. गवईचीही स्वच्छ. मुकादमांच्या नळीत तिसरा थेंब पडला आणि पाण्यात दूध सांडावं तशी ती पांढुरकी झाली.

मुकादमांनी कागदी पट्टीकडे बोट दाखवलं. "ही तर सगळं ठीक म्हणते."

"पट्टीला मोठं प्रथिन कळतं. हे बारीक प्रथिन आहे. मूत्रपिंडातल्या नळ्या ते गाळलेल्या पाण्यातून वेचून रक्तात परत पाठवतात. तुमच्या नळ्यांच्या हातून ते सुटायला लागलंय."

"पण माझं काही दुखत नाही. जिना एका दमात चढतो मी."

"तेच तर सांगते." बाईंनी बसायला स्टूल पुढे केलं. डॉक्टरांनी त्यांना हे सगळं समजावलं होतं, एका प्रथिनाचं लांबलचक नाव कागदावर लिहून दिलं होतं. मेटॅलोथायोनिन. ते नीट उच्चारायला त्यांना दोन दिवस लागले होते. नाव बाजूला ठेवून त्या बोलू लागल्या. "तुम्ही श्वासातून भुकटी घेता. ती रक्तात उतरते. शरीराला तिचा सुगावा लागला की यकृत एक बारीकसं प्रथिन तयार करतं. त्यात गंधक भरपूर असतं, ते या धातूला घट्ट धरतं. धरलेला धातू पुढे मूत्रपिंडात जातो. तिथे ते प्रथिन फुटतं, धातू मोकळा होतो. पण मूत्रपिंडाच्या पेशी लगेच स्वतःचं तसलंच प्रथिन करतात आणि त्याला पुन्हा पकडतात. पकडलेला आहे तोवर तो त्रास देत नाही. तुमच्या अंगात हे एकोणीस वर्षं चाललंय."

"एकोणीस वर्षं," मुकादम म्हणाले. "आणि मला पत्ता नाही."

"कसा लागणार? तुम्हाला कळू न देता चालतं ते."

"मग आता काय बिघडलं?"

"धातू रोज येतोय, मुकादम. किती धरायचं त्यालाही सीमा आहे. त्यापुढचा मोकळा राहतो आणि नळ्यांना इजा करतो. आत्ता थांबलात तर बाकीचं मूत्रपिंड वाचेल."

 मुकादम उठले, अंगातला एप्रन काढून त्यांनी त्याची नीट घडी घातली आणि स्वतःच डॉक्टरांच्या खोलीत गेले. बाटल्यांची गोष्ट त्यांनी सांगितली की नाही, बाईंना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

डॉक्टर व्यवस्थापनाशी हातघाईवर आले. बदली टळली. मुकादमांना फाटकाजवळच्या सामानखोलीत बसवलं आणि त्यांची सिगारेट सुटली, कारण तंबाखूतही हाच धातू असतो असं डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं. सात महिने भांडून डॉक्टरांनी भुकटीघरात हवा ओढणारे पंखे लावून घेतले, भुकटी ओली करूनच हाताळायची असा नियम केला. वर्षाच्या आत गवई आणि लंबूही तिथून बाहेर पडले.

पण मुकादम बाईंशी बोलेनात. समोरून आले की मान वळवून जायचे. बाटली दुसऱ्याच्या हाती पाठवायचे. खिडकीखालचा बाक रिकामा पडला. दुपारी बाई एकट्या डबा खायच्या. आपण बरोबर केलं हे त्यांना ठाऊक होतं, त्याने बरं मात्र वाटत नव्हतं. वर्ष उलटल्यावर एक दिवस खिडकीत बाटली आली, मागे मुकादम उभे. "काय म्हणतंय?" बाईंनी आम्ल टाकलं. गढूळपणा तेवढाच होता. "वाढलं नाही," त्या म्हणाल्या. "बरं," म्हणून मुकादम गेले. दुसऱ्या दिवसापासून बाकावर पुन्हा तीन डबे उघडू लागले.

बस थांबली. मुकादमांचं घर दुसऱ्या गल्लीत होतं. सुनेने दार उघडून बाईंना आत नेलं. खिडकीपाशी खुर्चीत मुकादम बसले होते, खूप वाळलेले. वय एकोणऐंशी. हाडं ठिसूळ झाली होती, मूत्रपिंड थोडं मंद होतं, पण चालत होतं. सुनेने तपासणीचे कागद बाईंच्या पुढ्यात ठेवले आणि त्यांनी सवयीने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले.

"पास का?" मुकादमांनी विचारलं.

"काठावर. पण पास."

चहा आला. कारखाना पाडला, तिथे इमारती झाल्या, हे दोघांनाही माहीत होतं, तरी दोघांनी एकमेकांना ते सांगितलं. गवई दोन वर्षांपूर्वी गेला. 

"बाई, ती भुकटी अजून आत असेल?"

"आहे. निम्मी निघून जायलाही वीस-तीस वर्षं लागतात."

"आणि ते तुमचं प्रथिन?"

"तेही आहे. अजून करतंय काम."

मुकादम हसले. मग खुर्चीत जरा पुढे सरकून म्हणाले, "मी तुम्हाला बोलावलं ते एका गोष्टीसाठी. वर्षभर तुमच्याशी बोललो नाही. राग तुमचा नव्हता. मला भीती वाटत होती, आणि ती तुम्हाला दिसलीय हे सहन होत नव्हतं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. राहून गेलं."

 "मी कधीच विसरले ते," बाई म्हणाल्या. ते खोटं होतं, आणि मुकादमांनाही ते कळलं.

"लंबूला फोन लावू?" मुकादमांनी विचारलं.

सुनेने फोन लावून मधल्या टेबलावर ठेवला. लंबूचा आवाज पूर्वीसारखाच खणखणीत. बाई आल्यात म्हटल्यावर तो म्हणाला, "बाई, आता तरी सांगा, डॉक्टरांना तुम्ही आमची भानगड सांगितली होती का?"

"ते निवृत्त झाले त्या दिवशी सांगितली."

"मग? रागावले?"

"इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. म्हणाले, तीन माणसांचं पाणी एकट्याने प्यायचं म्हणजे त्या लंबूचंच मूत्रपिंड आधी तपासायला हवं होतं."

पलीकडे लंबू मोठ्याने हसला. मुकादमही हसत होते, हसता हसता त्यांना खोकला लागला आणि सून पाणी घेऊन आली. लंबूने गवईच्या गाण्याची आठवण काढली, मुकादमांनी त्याची नक्कल केली, तीही बेसूर. बाईंची शेवटून दुसरी बस गेली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पण त्या उठल्या नाहीत.