मान आणि माडी

गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ज्वारीचे अकरा दाणे होते. सात घातले तर आवाज पातळ येई, वीस घातले तर दाणे एकमेकांना दाबून बसत आणि नुसती खसखस होई. अकरा दाण्यांना मात्र दहा महिन्यांची मीनल दर वेळी मान वळवी – डावीकडे, डबीच्या दिशेने. आत्ता डबी टॉवेलखाली, तिच्या आईच्या, नीलिमाच्या मुठीत होती आणि वाजलेली नव्हती.

समोर शेजारची राजव्वा मांडी घालून बसली होती आणि मीनलकडे बघत तेलुगूतला एकच शब्द म्हणत होती – मेड, मेड, मेड... मेड म्हणजे मान. त्यातला ए आखूड. तोच ए लांबवला की मानेची माडी होते. देवनागरीत दोन्ही एकसारखेच लिहावे लागतात, मराठीला त्या आखूड ए-ची कधी गरजच पडली नाही. मानेवरून माडीवर जाताना राजव्वा पाठीमागे एक बोट वर करी; ते मीनलला दिसत नसे, बाजूला बसलेल्या नीलिमाला दिसे, आणि मग ती डबी वाजवी. आवाज बदलला की डबी वाजते, एवढंच पोरीला शिकवायचं होतं. नीलिमाला बोट हवंच होतं. सुटं, सावकाश म्हटलं तर तिलाही फरक कळे. पण बोलण्याच्या ओघात मान आणि माडी एक होऊन जात, आणि एम.एस्सी.च्या दोन वर्षांत बेडकाचा कान किती वेळा चिरून पाहिला असेल, तरी स्वतःच्या कानापुढे ती हतबल होती.

बाविसाव्या खेपेला बोट वर गेलं. डबी वाजण्याआधीच मीनलची मान वळली. ती टॉवेलकडे बघत राहिली, वाट पाहत.

चोविसाव्याला पुन्हा. सत्ताविसाव्याला पुन्हा.

“हे काय पिच्ची काम, टीचरम्मा?” राजव्वा हसली; शिकलेली म्हणून ती नीलिमाला टीचरम्माच म्हणे. “मान-मान म्हणून माझी मान दुखून राह्यली. येडे लोक असं करते.”

नीलिमाने वहीत तीन फुल्या केल्या. हिला फरक ऐकू येतो. मला जे येत नाही ते हिला येतं.

नवऱ्याला, वैभवलाही एके काळी ते आलं नव्हतं. नववीत त्याच्या मानेवर गळू झालं होतं आणि तेलुगू शाळेत तो उभा राहून सरांना म्हणाला होता, मानेवर गाठ आली – पण ए लांबला, आणि गाठ माडीवर जाऊन बसली. वर्ग हसला. दहावी होईपर्यंत पोरं त्याला विचारत, किती मजली घर आहे रे तुझं? मातीच्या दोन खोल्यांच्या घरातला तो मुलगा... आता तेलंगणातल्या गुडीहत्नूरच्या हमरस्त्यावर भाजीचं दुकान चालवतो, अजूनही तेलुगू गिऱ्हाईक आलं की वाक्य मनात एकदा म्हणून मगच तोंड उघडतो. म्हणूनच मीनलच्या उष्टावणाला, पहिला घास भरवून झाल्यावर, त्याने सगळ्यांदेखत सांगितलं – आजपासून पोरीशी फक्त तेलुगू. मराठीचा एक शब्द नाही. त्याच्या आवाजात हुकूम नव्हता, भीती होती. आणि भीतीला नाही म्हणणं नीलिमाला जड गेलं होतं.

तिच्याजवळ बाजारातलं तेलुगू होतं. दा, पो, पालु, निद्र – ये, जा, दूध, झोप. चार शब्दांत आई कितीशी मावणार? मग ती गप्पच राहू लागली. न्हाऊ घालताना गप्प, तीट लावताना गप्प. चार महिने. आणि गेल्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं होतं – राजव्वा बोलू लागली की मीनल तिच्या ओठांकडे टक लावते, स्वतःचे ओठ हलवून बघते. आई जवळ आली की मात्र तिच्या हातांकडे बघते. आधी वाटलं, योगायोग. मग मोजलं. दिवसभरात एकोणीस वेळा हात, दोनदा तोंड. पोर चुकत नव्हती. जिथून काही येतं तिथेच ती बघत होती.

सासूबाई, चंद्रभागाबाई, मागच्या दारी म्हशीपुढे कडबा टाकत होत्या. त्यांनी मुलाचा नियम एक दिवसही पाळला नव्हता. “म्हशीले काऊन नाई शिकवत तेलुगू?” त्या वैभवला म्हणत. “दूध वाढीन ना!” त्यांना हे जमत होतं. त्या हसून मोडत. नीलिमाला हसून मोडता येत नव्हतं. तिला कारण लागे, पुरावा लागे, आणि पुरावा हाती येईपर्यंत चार महिने गेले... की पुराव्याच्या आडोशाला मी चार महिने लपले?

दुपारी वैभव जेवायला आला. भाकरी वाढून तिने वही त्याच्यासमोर धरली आणि मान-माडीचं सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

“मंग तिले समजते? दोन्ही?”

“दोन्ही. डबी वाजायच्या आधी.”

“आईची शपथ?” त्याने मीनलकडे पाहिलं आणि एकदम हसला. “म्हंजे माह्या पोरीले कोणी हसत नाई आता. बरं झालं बघ आपण मराठी बंद केली. आता अजून नेट लावू. तू बी चार शब्द शीक न वं राजव्वापासून, काऊन मुकी बसतं तिच्यापाशी?”

तो मनापासून बोलत होता, म्हणूनच ते जास्त लागलं. तिने आकडे दाखवले आणि त्याने त्यातून उलटच काढलं. वहीचा काही दोष नव्हता. कान पहिल्या वर्षात चाळणी विणतो, घरात जे धान्य येईल त्याच्या मापाची भोकं ठेवतो – हे ती त्याला समजावू शकली असती, आकृती काढू शकली असती. पण आता आकृती काढायची नव्हती. तिच्या लक्षात आलं की आपण भीत नाही आहोत. त्याच्या भीतीची कणव आहे, ती राहीलही. पण ती कणव म्हणजे होकार नव्हे.

तिने वही मिटली.

“अहो, ऐका,” ती म्हणाली. “हे तिच्या कानात राजव्वामुळे आलं, माझ्या गप्प बसण्यामुळे नाही. तेलुगू तिला राजव्वा देईल, रस्ता देईल, शाळा देईल. माझ्याजवळ जे आहे ते मी देणार. मी माझ्या पोरीशी मराठीत बोलणार आहे. आजपासून.”