कासव कुणी शिकवलं

जोवेलिनने लेकीला शाळेतून काढलं तेव्हा अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं, की माझ्या पोरीला मीच शिकवणार. नवरा वर्षातले नऊ महिने जहाजावर. तिने कॉल सेंटरची नोकरी सोडली आणि भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. टॅबलेट रोज एक तास, त्यापुढे एक मिनिट नाही. उरलेला दिवस भरायला रंग, नकाशे, बियांचे डबे, कागदी पक्ष्यांचे रंगीत कागद, सगळं आणून ठेवलं. पोरीला काय हवंय ते विचारायचं तेवढं राहिलं.

नऊ वर्षांची अमिहान तासभराचा टॅबलेट संपवायची आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडे पसार व्हायची. पलीकडे नांग, म्हणजे मावशी, सिदिंग. तिसरी नापास, पुढचे दोन दात गायब. दिवसभर ओसरीवर बसून माडाच्या कोवळ्या पात्यांचे पुसो विणायची. मुठीएवढी पिशवी, तांदूळ भरून उकडायची. नाक्यावर भाजलेलं डुक्कर विकणाऱ्याला असे तीनशे पुसो रोज लागायचे, आणि सेबू बेटावर पुसोशिवाय ते मांस कुणी तोंडात घालत नाही.

पहिल्या आठवड्यात जोवेलिनला बरंच वाटलं. 'हस्तकला' म्हणून वहीत नोंदही केली. मग पोरगी काय बोलते ते तिच्या कानांवर पडायला लागलं. "नांग म्हणते, पाती आधी उन्हात मऊ करायची." "नांग म्हणते, बेडकाच्या आकाराचा पुसो विणताना बोलायचं नाही." जेवताना नांग, आंघोळीला नांग. एकदा जोवेलिन तिला अपूर्णांक शिकवायला बसली.

"माहितीये," पोरगी म्हणाली. "पातीचे सारखे चार भाग केले की एकेक पाव."

"कुणी सांगितलं?"

"नांगने."

जोवेलिनच्या पोटात जे पेटलं त्याला मत्सर म्हणतात. तिने त्याला पोरीच्या तब्येतीची काळजी असं नाव दिलं. ती बाई सिगारेट ओढते, धूर पोरीच्या छातीत जाईल, उद्यापासून तिकडे पाऊल टाकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सिदिंगने कुंपणावरून विचारलं, "काय गं, विद्यार्थिनी आजारी आहे का तुझी?"

"अभ्यास आहे तिला."

"मग माझ्याकडे काय लपंडाव खेळायची?"

"तुमच्याकडे काम करायची. फुकट."

सिदिंग दात नसलेलं हसू हसली. "काम करायची म्हणे. निम्मे पुसो तिच्यामागून मीच उसवते, पोरी. तिच्यापायी माझी कंबर मोडलीय."

पाच दिवस अमिहान घरात राहिली. वेळापत्रकातलं सगळं केलं, शिक्षा भोगावी तसं. जोवेलिन जिंकली होती, आणि दिवसभर घरात कुणी बोलत नव्हतं.

सहाव्या दिवशी तिमाही तपासणी. घरी शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास तपासणाऱ्या मॅडम तेओफिला आल्या, वह्या चाळल्या आणि म्हणाल्या, "स्क्रीनवर न बघता शिकलेलं काहीतरी दाखव."

जोवेलिनने घाईघाईने कागदी पक्षी पुढे सरकवला. पोरगी मात्र उठून अंगणात गेली, बुटक्या माडाची कोवळी पाती ओढून आणली, दातांनी चिरली. मॅडमच्या सरबतातला बर्फ वितळायच्या आत टेबलावर कासव बसलं होतं. चार पाय, शेपूट, पाठीवर घट्ट वीण.

"कुणी शिकवलं?"

अमिहानने आईच्या तोंडाकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग म्हणाली, "ममाने."

जोवेलिनला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, तर कानाखाली बसावी तसं झालं. नऊ वर्षांची पोर आईला जपून खोटं बोलत होती, आणि हा धडा तिला कुंपणापलीकडे मिळालेला नव्हता.

"माझ्या आजीला यायचं हे," मॅडम खूश होऊन म्हणाल्या. उरलेल्या पात्या त्यांनी जोवेलिनपुढे धरल्या. "मलाही दाखवा की. सुरुवात कुठून करतात?"

जोवेलिनने पाती बोटांभोवती गुंडाळली. ती सुटली. परत गुंडाळली.

"डावीकडून, ममा," पोरगी ओठ न हलवता कुजबुजली.

जोवेलिनने पाती खाली ठेवली. "मला येत नाही. शेजारच्या सिदिंगने शिकवलंय. आणि मी पोरीचं तिकडे जाणं बंद केलं, कारण मी त्या बाईवर जळते."

मॅडमचं पेन थांबलं. "हे शेवटचं लिहू का?"

"नको."

मॅडम गेल्यावर जोवेलिन स्वतः कुंपणापलीकडे गेली. माफी मागायला नाही, शिकायला. खरं सांगायचं तर सिदिंगपेक्षा चांगलं विणायला.

सिदिंगने सिगारेट विझवली आणि तिच्याकडे पात्यांची जुडी टाकली. "बस. बोटं जाड आहेत तुझी. पोरीची बापावर गेलीत, नशीब."

अमिहान आली आणि सिदिंगच्या खांद्याला टेकून बसली. सवयीने. जोवेलिनला ते दिसलं, डोळ्यांत खुपलं. मान खाली घालून तिने चुकलेली पहिली घडी उसवायला घेतली.