उत्तम आले

मी जिंजर एलची बाटली बोलतेय. आल्याचा सोडा म्हणा, चालेल. उत्तमराव म्हणू नका, डोकं सणकतं.

जन्म भट्टीतला. जाड हिरवी काच, बूड गोल. मला उभं राहताच येत नाही. आडवी पडले की बूच ओलं राहतं आणि गॅस पळत नाही, म्हणून मुद्दाम तशी घडवली. पोटावर उठावाची अक्षरं: ‘उत्तम आले’. या घराच्या पणजोबांनी मागच्या शेडमध्ये सोडा करून मला भरलं, विकलं, परत आणलं, पुन्हा भरलं. पोटात सतत गुदगुल्या.

मग धंदा बसला, मी मातीत गेले. पुढच्या पिढ्यांनी सोड्याचं नावही काढलं नाही. लाज वाटली असणार.

पाइप बदलताना प्लंबरने मला वर काढलं आणि मी थेट मोठ्या काकांच्या तावडीत सापडले. काका म्हणजे घरातले इतिहासकार; वाचन कमी, आवाज मोठा. त्यांनी भिंग लावलं, डोळे मिटले आणि जाहीर केलं, की उत्तम नावाचे आपले मूळपुरुष इथे आले, त्याची ही आठवण. उत्तम आले. झालं. सगळी वडीलधारी मंडळी माना डोलवायला लागली. आत्याला तर उत्तमरावांचं नाक आपल्यासारखं असल्याचंही आठवलं. मी आतून बोंबलत होते, पण रिकाम्या बाटलीचं ऐकतं कोण?

यात भरडली गेली पुतणी. कॉलेज सोडलेली, तोंडाची फटकळ. तिला त्याच शेडमध्ये सरबतांचा कारखाना काढायचा होता. काका म्हणाले, तिथे उत्तमरावांचं स्मारक होईल. आपल्या घराण्यात बाटल्या कुणी विकल्या नाहीत.

चौथऱ्यासाठी शेडची जमीन खणली, तर निघाली माझी सख्खी बहीण. पुतणीने ती बाहीने पुसली, दोनदा वाचली. मग काकांपुढे धरली.

“काका, जरा मोठ्याने वाचा.”

“उत्तम... लिंबू.”

गवंड्याची थापी थांबली.

“हे धाकटे बंधू असतील,” काका पुटपुटले.

“कोण, लिंबूराव?”

आधी आत्याला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. काका हसले नाहीत. चुकलो म्हणायला त्या पिढीला कुणी शिकवलेलंच नाही. शेडची किल्ली त्यांनी खिडकीत ठेवली आणि चपला शोधत निघून गेले.

आज मी धुऊन, भरून बर्फात लोळतेय. पोटात आलं नुसतं उड्या मारतंय. मला कपाटात ठेवू नका, हार घालू नका. बूच उडवा, प्या, आणि ढेकर आला तर थोरामोठ्यांसमोर खुशाल द्या.