मोठ्या अक्षरांतली माणसं

“वहिनी, या लवकर! तुमचं म्हातारं उठून बसलं!”

मापबाई हातातला टेप तसाच घेऊन धावल्या. नव्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांचाच जुना प्रोग्रॅम उघडला होता. तोच निळा रंग, हौसेनं काढलेला तोच चांदण्यांचा काठ. धाकटा दीर खुर्चीत रेलून मिशीत हसत होता.

“अगंबाई,” एवढंच त्या म्हणाल्या.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत माणसांची मापं घेणं हे बाईंचं काम. तरुणपणी पुस्तकात डोकं खुपसून त्यांनी मापांचा हा डेटाबेस स्वतःच लिहिला होता. मागच्या आठवड्यात जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली आणि नवे आले ते सगळे लिनक्सवाले, त्यांच्यावर बाईंचा जुना प्रोग्रॅम चालेना. साहेब म्हणाले, “जुनं जाऊ द्या, नव्यानं मापं घेऊ.” बाईंनी मान डोलावली आणि बाहेर येऊन दिराला फोन लावला. दीर तोंडाचा फटकळ, पण कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यानं जुन्या डिस्कमधून फाइली वाचवल्या. ती जुनी भाषा जाणणारं एक टूल लिनक्सवरही चालतं, ते बसवून त्यात वहिनीचा प्रोग्रॅम पुन्हा बांधला.

“आता आधी ड्रायव्हरचं माप काढा, भावजी. तो सकाळपासून बसलाय.”

ड्रायव्हर दाराशी चाकांच्या खुर्चीत होता, शेजारी बायको उभी. एक पाय लहानपणीच गेलेला. बाईंनी त्याला शाळेत जायच्या वयापासून मापलं होतं. दुसरा गेल्या वर्षी गाडीखाली गेला. जखमा भरून तो आला, तोवर जुना कॉम्प्युटर बंद पडला होता. पाय घडवणारा पायमिस्त्री तेव्हापासून हात चोळत होता. “एक पाय असला की दुसरा त्याच्या बरोबरीचा करता येतो,” तो म्हणायचा. “दोन्ही नाहीत, तर बरोबरी कुणाशी करू? अंदाजानं केले तर माणूस उभा राहील हो, पण तो हा नसेल.”

दुसरा पाय शाबूत होता तेव्हाचं माप होतं ते फक्त बाईंच्या फाइलीत. दिरानं नाव टाकलं. पडद्यावर उमटलं:

फाइल सापडत नाही.

दिरानं दुसरं नाव टाकलं, ते उघडलं. तिसरं नाही. चौथं नाही.

“अर्धी माणसं गेली कुठं?” त्यानं फाइलींचा कप्पाच उघडला आणि कपाळाला हात लावला. “वहिनी, काही नावं स्मॉलमध्ये, काही कॅपिटलमध्ये! ही कसली हौस? जुन्या मशीनला दोन्ही सारखीच. हे लिनक्स सोवळ्यातलं. लहान अक्षरांतला माणूस वेगळा, मोठ्या अक्षरांतला वेगळा. आणि तुमचा प्रोग्रॅम सगळ्यांना लहानच समजून हाका मारतोय.”

बाई पदराशी चाळा करू लागल्या. “लेकरं वाढत असतात ना, भावजी. बघता बघता पाय तोकडा पडतो. आला की नवं माप, नवा पाय. मग एके दिवशी माप तेच येतं. वाढ झाली. त्या दिवशी मी नाव मोठं करायचे.”

“कुणी सांगितलं होतं?”

“कोण सांगणार? मशीनला कळत नव्हतं, म्हणून तर करायचे.”

“म्हणजे आता जे जे सापडत नाहीत...”

“ते मोठे झालेत.”

दीर फाइली खाली सरकवत गेला. पडद्यावर मोठ्या अक्षरांतली नावं येत राहिली, थांबेचनात. बाई एकटक बघत होत्या. प्रत्येकापुढे त्या गुडघे टेकून बसल्या होत्या, प्रत्येकाला “रडायचं नाही हं” म्हणाल्या होत्या. पण सगळी अशी एकत्र कधी पाहिलीच नव्हती.

“एवढी?” त्या पुटपुटल्या. “बाई गं, एवढी मोठी झाली?”

दिरानं डोळे पुसले नाहीत, पण चष्मा मात्र पुसला. मग प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या: लहान नावानं सापडला नाही, तर मोठ्या नावानं शोध. टूलनं प्रोग्रॅम पुन्हा बांधला. त्यानं ड्रायव्हरचं नाव टाकलं आणि पडद्यावर त्याचं माप उलगडलं. घोटा, गुडघा, मांडी, उंची, सगळं.

बाईंनी आकडे मोठ्यानं वाचले. पायमिस्त्रीनं खडू घेतला आणि भिंतीवर खुणा करत गेला. शेवटची, उंचीची खूण करायला त्याला टाचा उंचवाव्या लागल्या.

ड्रायव्हर खुर्चीतून वर बघतच राहिला. “बाई, एवढा होतो मी?”

त्याची बायको पुढे झाली, भिंतीजवळ उभी राहिली आणि तिनं नेहमीच्या सवयीनं मान वर केली.

“हो,” ती म्हणाली. “इथंच असायचे हे.”