अकरा हजारांचा मोर्चा

डायलिसिसचा विभाग बंद होणार हे ताईला विभागाच्या दारातच कळलं. आईला आत सोडून ती बाकावर टेकली होती. डेपोतून थेट आल्यामुळे अंगावर अजून बसचालकाचा गणवेश होता. नर्स बाहेर आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पुढच्या आठवड्यात पाचही मशिनं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला हलवतायत. आईंना तिकडे न्यावं लागेल."

"कुणी ठरवलं हे?"

"नगरपालिकेनं. हरकत असेल तर मैदानात नोंदवा म्हणतात."

हे मैदान डोळ्यांवर चष्मा चढवला की दिसायचं. नगरपालिकेनं वर्षभरापूर्वी तो आभासी चौक उघडला होता. तिथं झाडं होती, कारंजं होतं, व्यासपीठ होतं आणि प्रत्येक नागरिकाची एक बाहुली होती. सभा, मोर्चे, तक्रारी, सगळं तिथंच करायचं. खऱ्या चौकात जमायला मात्र वाहतुकीच्या नावाखाली बंदी घातली होती.

घरी हे सांगितल्यावर धाकटा भाऊ उसळलाच. लहानपणी दूध प्यायलाही नकार द्यायचा म्हणून घरात त्याला बंड्या म्हणत. आता तो त्या चौकातल्या बाहुल्यांसाठी कपडे तयार करून विकायचा आणि तिथं त्याला बरेच जण ओळखायचे. "ताई, तू फक्त बघ," तो म्हणाला. "असा मोर्चा काढतो की त्यांची झोप उडेल."

आणि खरंच काढला. रविवारी त्यानं ताईला चष्मा लावायला दिला. जिकडेतिकडे डोकीच डोकी होती. बॅनरवर आईचा फोटो होता आणि कोपऱ्यात आकडा चढत चढत अकरा हजारांवर गेला. व्यासपीठावर आरोग्य अधिकारी छातीवर हात ठेवून ऐकत होते, मान डोलावत होते. ताईचा ऊर भरून आला. पण आरशातून प्रवाशांचे चेहरे बघण्यात तिचा जन्म गेला होता. अधिकाऱ्यांची मान प्रत्येक वेळी तेवढीच आणि तशीच डोलत होती. घोषणा थांबल्या तरी डोलत होती.

सोमवारी ती अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली. "काल आमचं ऐकलंत ना, साहेब?"

"काल मी मुलीच्या शाळेत होतो," ते सहज म्हणाले. "मैदानात माझी बाहुली असते. ती ऐकते आणि मला सारांश पाठवते."

"मग सारांशात काय आलं?"

त्यांनी फोन उघडून वाचलं. "सहभाग उत्तम. भावना तीव्र. निर्णयात बदलाची गरज नाही." आणि वर म्हणाले, "तुमचा मोर्चा फार शिस्तीत झाला हो. कौतुक आहे."

ताई घरी पोचली तेव्हा बंड्या अभिनंदनाचे निरोप वाचत बसला होता.

"तिथं कुणी नव्हतं, बंड्या. एका बाहुलीसमोर घसा फोडून आलात तुम्ही."

"अकरा हजार माणसं होती, ताई."

"मग बोलाव त्यांना. गुरुवारी सकाळी ट्रक येणार आहे. रुग्णालयाच्या फाटकावर बोलाव."

त्याला हे लागलं. त्यानं आवाहन केलं आणि नऊ हजार जणांनी 'येतोच' म्हणून कळवलं. उन्हात लोकांचे हाल नकोत म्हणून त्यानं पाण्याच्या बाटल्यांचे खोके मागवले.

गुरुवारी फाटकावर सहा जण आले. चौघे त्या विभागातलेच रुग्ण होते, एक कुणाची तरी बायको, आणि एक म्हातारे शिक्षक, ज्यांना चष्मा लावला की चक्कर यायची. आई तर आधीपासूनच चाकाच्या खुर्चीत बसून होती. इस्त्रीचा शर्ट घातलेला बंड्या रस्त्याच्या टोकाकडे बघत राहिला. मग त्यानं फोन बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं?" ताईनं विचारलं.

"मैदानात चार हजार जमलेत. आपल्याला पाठिंबा द्यायला."

तेवढ्यात मशिनं भरलेला ट्रक आतून फाटकाशी आला. बंड्यानं फोन खिशात कोंबला, खोके ओढत रस्त्याच्या मधोमध आणले, एकावर एक रचले आणि वर जाऊन बसला. ताई त्याच्या शेजारी उभी राहिली. तिनं आईची खुर्चीही ट्रकसमोर आणली. बाकीचे सहा जण मागोमाग आले.

ट्रकचालकानं खाली उतरून सगळ्यांकडे पाहिलं. "मला गाडी न्यायला सांगितलंय," तो म्हणाला. "माणसांवरून न्यायला कुणी सांगितलेलं नाही." त्यानं किल्ली काढून घेतली आणि सावलीत जाऊन बसला.

दुपारी अधिकाऱ्यांना स्वतः यावं लागलं. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. "हे सगळं मैदानात सांगता आलं असतं," ते म्हणाले.

"सांगितलं होतं," ताई म्हणाली. "तुम्ही नव्हता. आता आहात, तर ऐका. तिकडे जायला दोन बस बदलाव्या लागतात. मी स्वतः त्या मार्गावर गाडी चालवते. डायलिसिस करून परत येताना या माणसांना उभंही राहवणार नाही. यातलं कोण वाटेत कोसळेल ते तुम्ही सांगा, म्हणजे मी त्याला घरी सोडून येते."

आईनं मान वर करून त्यांना निरखलं. "तूच का तो डोलणारा?"

ते बाजूला जाऊन बराच वेळ फोनवर बोलले. अखेर दोन मशिनं उतरवून आत नेली आणि तीन गेली. फाटकावर आलेल्यांपैकी दोघा रुग्णांना दुसऱ्या टोकाला जावंच लागणार होतं. ताई त्यांच्याकडे बघू शकली नाही.

संध्याकाळी मैदानात नगरपालिकेचं निवेदन झळकलं. अकरा हजार नागरिकांच्या शिस्तबद्ध सहभागाचा मान राखून दोन मशिनं कायम ठेवली आहेत, असं त्यात होतं. चौकात आतषबाजी झाली. बंड्याच्या फोनवर अभिनंदनाचा पाऊस पडला. "आपण जिंकलो," प्रत्येक जण लिहीत होता.

बंड्या स्वयंपाकघरात ताईसमोर बसला आणि एकेकाला उत्तर लिहू लागला. प्रत्येकाला तेच. "तू नव्हतास." "तू नव्हतीस." कुणी त्याला शिव्या दिल्या, कुणी गर्विष्ठ म्हटलं, बऱ्याच जणांनी ओळख तोडली. त्याच्या कपड्यांची गिऱ्हाइकं भराभरा गळत होती. ताईनं एकदा म्हटलं, "पुरे आता, जेवून घे."

"अजून खूप जण बाकी आहेत," तो म्हणाला आणि लिहीत राहिला.